पाडायची का दुरुस्त करायची?

आज शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग लईच लांबली. विषय एकच: पोरांच्या शाळेची जुनी कौलारू इमारत दुरुस्त करायची, का निर्लेखन करून, म्हणजे सरकारी कागदावर मोडीत काढून, पाडायची.

इंजिनिअर साहेबांनी फिरवून दाखवलं. काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या भिंती ठणठणीत. वाशांना मात्र वाळवी; पेन टोचलं तर सरळ आत गेलं. गंमत म्हणजे सगळ्यात वाईट हालत मागच्या स्लॅबच्या खोल्यांची. सळ्या गंजून फुगल्यात, प्लास्टर सुटलंय. म्हणजे 'नवीन' म्हणून मिरवलेलंच आधी पाडायला लागणार!

"२०१९ला पुराचं पाणी आलं, २०२१ला आलं. जोतं उंच करायचं तर नवीनच बांधा," एक मावशी म्हणाल्या. मुद्दा बिनतोड. पण निधी येईपर्यंत पोरं बसणार कुठं? देवळाच्या मंडपात? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, त्या कोल्हापुरात? मला तरी पटत नाही.

माझं मत: स्लॅबच्या खोल्या पाडून तिथं उंच जोत्यावर बांधा, दगडी भागाचं छप्पर बदला. आणि पावसाळ्याआधी बदला राव.

पुढची मीटिंग शनिवारी. पालकांनो, या की! कायद्यानं समितीत पाऊण हिस्सा आपलाच आहे, आणि आज निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.