शब्दवही: टोपी, झोळी आणि ‘मीर’

भीक आणि दारिद्र्य या विभागात आजवर इंग्रजी व रशियन वाक्प्रचारांच्या २६ जोड्या लागल्या. त्यांपैकी ९ जोड्या मी या आठवड्यात पुन्हा सोडवल्या, कारण शब्दकोशातला अर्थ जुळत असला तरी त्यांतला मागणारा माणूस जुळत नव्हता.

काही जोड्या विनासायास लागल्या. ‘पूअर ॲज अ चर्च माउस’ला रशियनमध्ये ‘बेद्नी काक त्सिर्कोव्नया मीश’ म्हणतात. चर्चमधला उंदीर दोन्हीकडे एकच आहे. ‘हँड टू माउथ’ जगणाऱ्याला रशियन माणूस ‘पावावरून क्वासवर’ दिवस काढणारा म्हणतो, आणि क्वास हे बहुधा ‘राय’ या धान्याच्या पावापासूनच आंबवलेले पेय असल्यामुळे त्याची धाव पावापासून पावापर्यंतच राहते. मराठीच्या रकान्यात मी ‘हातावर पोट’ लिहिले.

सर्वांत मोठी दुरुस्ती ‘पायती पा मीरू’ या प्रयोगाची आहे. ‘मीर’ म्हणजे जग एवढेच धरून मी ‘जगभर फिरणे’ असे लिहून ठेवले होते, ते साफ चुकले होते. मीर म्हणजे रशियन शेतकऱ्यांची गावकीसुद्धा. जमिनीची वाटणी आणि कराची जबाबदारी ती सामाईकपणे सांभाळत असे. तेव्हा घरदार गेलेला माणूस ‘पा मीरू’ निघतो तो देशाटनाला निघत नाही, तर लोकांच्या दारोदार मागायला निघतो, आणि ‘पुस्तीत पा मीरू’ म्हणजे एखाद्याला भिकेला लावणे. शांतता या अर्थाचा ‘मीर’ हा शब्द १९१८ च्या लेखनसुधारणेपूर्वी वेगळ्या ‘इ’ने लिहीत असत, आता दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नव्या अभ्यासकाने इथे जरा थांबावे.

याच शब्दाची एक म्हण मला फार मोलाची वाटते: ‘स मीरू पा नीत्के, गोलमू रुबाखा’, म्हणजे गावाने एकेक धागा दिला की उघड्याला सदरा होतो. ‘मेनी अ लिटल मेक्स अ मिकल’ ही इंग्रजी म्हण मी शेजारी लिहिली खरी, पण तिच्यात थेंबे थेंबे तळे साचते, उघडा माणूस मात्र कुठेच नाही. म्हणून तिच्यापुढे ‘समान’ न लिहिता ‘जवळची’ असे लिहिले आहे.

‘बेगर्स कान्ट बी चूजर्स’ (भिकाऱ्याला निवड करता येत नाही) बाबतही तसेच झाले. इंग्रज लेखक जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणीसंग्रहात तिचे रूप ‘शुड बी नो चूजर्स’ (निवड करू नये) असे आहे, म्हणजे आज जी हतबलता वाटते ती तेव्हा भिकाऱ्याला दिलेली समज होती. रशियनमध्ये अशा प्रसंगी ‘ना बिज़्रीब्ये ई राक रीबा’ म्हणतात: मासा नसेल तिथे खेकड्याच्या जातीचा ‘राक’सुद्धा मासाच. तिथे मागणाऱ्याला कोणी समज देत नाही, फक्त तळ्यात काय आहे ते सांगितले जाते.

‘कॅप इन हँड’ (लीनपणे मागणे) यातली टोपी आधी अदबीने काढलेली असते, रशियन प्रयोगात नुसता पसरलेला हात आहे. झोळी मात्र रशियनमध्येही सापडली. ‘अत सुमी दा अत त्युर्मी ने ज़रिकाइस्या’ या म्हणीतली ‘सुमा’ म्हणजे भिकाऱ्याची झोळी: झोळी आणि तुरुंग आपल्या वाट्याला येणारच नाहीत, अशी शपथ घेऊ नकोस. इंग्रजीत मला हिला तोडीस तोड काही सापडले नाही आणि तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

व्युत्पत्तीच्या पानावर दोन शब्दांची भर पडली. श्रीमंत या अर्थाचा ‘बगाती’ आणि दीनवाणा या अर्थाचा ‘उबोगी’ हे दोन्ही ‘बोग’ (मूळ अर्थ वाटा, संपत्ती) या शब्दावरून आले, आणि तो ‘बोग’ संस्कृत ‘भग’चा, म्हणजे आपल्या ‘भाग्या’तल्या धातूचा, सगोत्र आहे. ‘उबोगी’ म्हणजे ज्याच्या वाट्याला काही आले नाही तो.

बायबलमधल्या ‘पूअर इन स्पिरिट’ (मनाने दीन) या प्रयोगाची जोडी अजून लागायची आहे. रशियन बायबलमध्ये तिथे ‘नीश्शिये दूखम’ आहे, आणि ‘नीश्शी’ नुसता गरीब नसतो. तो कफल्लक असतो, भिकारीही असतो. शिवाय आजच्या बोलण्यात हाच प्रयोग मनाने कोत्या माणसासाठी वापरला जातो. त्यामुळे एकाच इंग्रजी नोंदीसमोर दोन ओळी कराव्या लागतील, असे दिसते.