सांगे तालुक्यात मुलांना घेऊन: कुर्डी, नेत्रावळी, उसगाळीमळ

गोव्याच्या सांगे तालुक्यातलं धरणात बुडालेलं कुर्डी गाव, नेत्रावळीचं अभयारण्य आणि उसगाळीमळची कातळचित्रं एकाच रविवारी उरकून येण्याचा बेत बऱ्याच घरांत शिजतो. नकाशावर तिन्ही जागा हाताशी दिसतात, त्यामुळे मोह होणारच. पण तिघींचा मोसम वेगळा आहे. कुर्डी पाण्याबाहेर येते ती उन्हाळ्याच्या शेवटी, आणि तोवर नेत्रावळीतल्या सावरीच्या धबधब्याची धार बारीक झालेली असते. उसगाळीमळला तर महिन्याइतकंच महत्त्व दिवसाच्या वेळेला. किलोमीटर मोजण्यापेक्षा आधी कॅलेंडर बघा. मूल बरोबर असेल तर एका दिवसात एकच जागा, फार तर तिच्या जोडीला रस्त्यालगतचं एखादं देऊळ किंवा तळी.

साळावली धरणाच्या जलाशयात कुर्डी गाव १९८६च्या सुमारास बुडालं. गावकऱ्यांना वाडे आणि वालकिणी इथं वसवलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या गावच्या, हे मुलांबरोबर येणाऱ्या आजी-आजोबांना सांगितलं की त्यांची पावलं आपोआप जरा लवकर पडतात. जलाशय भरतो तेव्हा पातळी ४१.१५ मीटरला पोचते आणि जास्तीचं पाणी सांडव्याच्या गोल तोंडातून खाली कोसळतं. उन्हाळ्यात दक्षिण गोव्याचे नळ याच पाण्यावर चालतात, म्हणून पातळी उतरत जाते. एप्रिलच्या अखेरीस गावाच्या कडा दिसू लागतात, मे महिन्यात बरंच काही मोकळं होतं, आणि जूनमध्ये पाऊस धरला की पुन्हा सगळं पाण्याखाली. किती दिसणार हे त्या वर्षीच्या पातळीवर ठरतं. मे महिन्यात गोव्यातली वर्तमानपत्रं साळावलीच्या साठ्याची बातमी देत असतात. ती वाचूनच निघा.

पाणी उतरल्यावर दिसतात ते चिऱ्याचे चौथरे, पडक्या भिंती, झाडांचे खुंट, जुन्या रस्त्याची ओळ आणि उभं असलेलं सोमेश्वराचं देऊळ. मे महिन्यात जुने गावकरी उत्सवासाठी इथं जमतात. त्या दिवशी गाड्या लावायला जागा मिळत नाही, तरी मुलांना न्यायचं तर आमच्या मते तोच दिवस बरा, कारण कुठला चौथरा कुणाच्या घराचा हे सांगणारी माणसं तिथं असतात. एरवी नुसते दगड बघून लहान मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. चौथऱ्यावरचा चिरा उचलायचा नाही, चौथऱ्यावर बसून खाऊचे डबे उघडायचे नाहीत. लोकांची घरं आहेत ती.

इथं चालणं सपाट आहे, चढ जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. खरी अडचण चिखलाची. पाण्याच्या काठाजवळची माती वरून सुकून तडकलेली दिसते, पण खाली गाळ ओलाच असतो. मोठ्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो, मुलाचा गुडघ्यापर्यंत, आणि ओढून काढताना बूट आतच राहतो. तडे रुंद आणि मातीचा रंग फिका असेल तर बहुधा जमीन टणक. रंग गडद आणि तडे बारीक असतील तर मागं फिरा. पुढच्या माणसाच्या हातात काठी हवी, दर चार पावलांनी टोचून बघायला. जुन्या रस्त्याची ओळ सोडली नाही तर हा प्रश्न बराचसा येतच नाही. बुजलेल्या विहिरींच्या कडा ढासळतात, म्हणून गोल खड्डा दिसला की मुलाचा हात धरायचा, फोटो नंतर.

सावली नाही. सकाळी साडेसहाला पोचून साडेनऊपर्यंत गाडीत परत, हे वेळापत्रक पाळा. मोठ्या माणसाला दोन लिटर आणि मुलाला एक लिटर पाणी धरा, शिवाय मीठ घातलेलं ताक किंवा भिरंडाचं (कोकमाचं) सरबत. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही आणि मूल डोकं दुखतंय म्हणून कुरकुरायला लागतं. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग येतात. मोकळ्या पात्रात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, म्हणून पहिला गडगडाट ऐकू आला की निघायचं. छत्री उघडून थांबायचं नाही.

परतताना धरणाजवळ कुर्डीचं महादेवाचं जुनं देऊळ बघता येतं. जलाशयात जाण्याआधी पुरातत्त्व खात्यानं ते दगड-दगड सुटं करून इथं आणलं आणि पुन्हा उभारलं. सकाळी गावाची रिकामी जागा आणि मग हलवलेलं देऊळ, या क्रमानं दाखवलं तर धरण म्हणजे काय हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला न समजावताही कळतं.

नेत्रावळीचा मोसम नोव्हेंबर ते जानेवारी. २११ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि तिकीट करूनच आत जायचं. भर पावसात धबधब्यांवर बंदी येते आणि उन्हाळ्यात वणव्यांच्या दिवसांतही वाटा बंद होऊ शकतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. लहान मुलांसाठी सावरी. मैनापीच्या धबधब्याची वाट बरीच लांब आणि चढाची, ती दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी राखून ठेवा. सहा-सात वर्षांचं मूल रानवाटेवर तासाला दीड-दोन किलोमीटर चालतं, त्यात मुंग्या बघणं आणि काठ्या गोळा करणं धरलेलं आहे. मोठ्यांच्या वेगानं हिशेब केला की परत येईपर्यंत रानात काळोख पडतो. चारनंतर वाटेला लागूच नये.

धबधब्याजवळ पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: शेवाळ. ओल्या काळ्या दगडावर गुळगुळीत तळव्याची चप्पल घसरते आणि नवे कोरे बूटही घसरतात. खाचा असलेले, मागं पट्टा असलेले रबरी सँडल बरे. धबधब्याखालच्या डोहात उतरायचं तर आधी मोठ्या माणसानं उतरून तळ चाचपायचा. काठाला गुडघाभर असलेलं पाणी धारेखाली एकदम खोल असू शकतं.

जवळच गोपीनाथाच्या देवळाची बुडबुड्यांची तळी आहे. तळातून सतत बुडबुडे वर येतात. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असं सांगतात, त्यामुळे मुलं इथून हलत नाहीत. देवळाची तळी आहे हे लक्षात ठेवून वागावं. पायऱ्या उतरत्या आणि निसरड्या आहेत, तेव्हा एक मोठं माणूस कायम मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये.

उसगाळीमळची कातळचित्रं १९९३ साली उजेडात आली. कुशावतीच्या काठच्या आडव्या जांभ्यावर बैल, गवे, हरणं, माणसं आणि वर्तुळांचा तो प्रसिद्ध चकवा (भूलभुलैया) कोरलेला आहे. भर दुपारी गेलात तर काही दिसत नाही, कारण डोक्यावरच्या उन्हात रेषांच्या खाचांना सावली पडत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर ऊन तिरपं असतं, तेव्हा बैलाची पाठ लगेच सापडते. खडूनं रेषा भरायच्या नाहीत, चित्रावर पाय द्यायचा नाही. अनवाणी चालायचं तर ते सकाळीच, दुपारी जांभा तव्यासारखा तापतो. पावसात नदी चढते आणि कातळ निसरडा होतो, म्हणून डिसेंबर ते मार्च ठीक. चकव्याचं चित्र मुलांना आधी कागदावर बोटानं गिरवायला द्या. मग प्रत्यक्ष चित्र ती स्वतः शोधून काढतात.

आता अंगावर येणाऱ्या प्राण्यांचं. उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडले, आणि तो गोचिडींमार्फत पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम, नेमका चालायला जायचा. पानांच्या पाचोळ्यावर बसायचं नाही, लांब पँट मोज्यांत खोचायची, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि मुलांच्या काखा, कानामागची जागा, गुडघ्यामागची बाजू तपासायची. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून वनखात्याला कळवा. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा. ते सांगायचंच बहुतेक जण विसरतात. जळवा पावसाच्या शेवटी भेटतात. मीठ टाकण्यापेक्षा तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून सोडवा, रक्त थोडा वेळ वाहिलं तरी घाबरायचं नाही.

पडक्या भिंतींच्या फटींत हात घालायला मुलांना फार आवडतं, आणि घोणस, फुरसं अशा विषारी सापांनाही तीच जागा आवडते. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो पाय किंवा हात न हलवता १०८ला फोन. रानात फोनला रेंज नसते, म्हणून गाडीतून उतरण्याआधीच कुठल्या वळणापर्यंत रेंज होती हे बघून ठेवा, आणि पेट्रोल सांगे गावातच भरून घ्या.