धूर, कुंदा आणि दोन पेले

आज संध्याकाळी बेळगावात, टिळकवाडीतल्या मित्राच्या घरी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, दोन सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत नुसत्या मोड आणलेल्या सातूपासून केलेल्या व्हिस्की, शेजारी शेजारी ठेवून चाखण्याचा योग आला. एक स्कॉटलंडच्या आयला बेटावरची होती आणि दुसरी आपल्याच कर्नाटकातल्या बंगळूरची ‘अमृत’.

आयलाच्या पेल्याला नाक लावताच पीटचा, म्हणजे मोड आणलेले सातू वाळवताना तिथे जी दलदलीतली माती जाळतात तिचा धूर जाणवला आणि आजोळची ओल्या सरपणाने धुमसणारी चूल आठवली. चार थेंब पाणी घातल्यावर धूर मागे सरला आणि खारट, किंचित औषधी वास पुढे आला. पहिल्या घोटात तो आवडतोच असे नाही. मला तरी आवडायला काही वर्षे लागली.

‘अमृत’चे गणित वेगळे आहे. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के मद्य हवेत उडून जाते, तर बंगळूरच्या उबदार हवेत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. त्याच उबेमुळे ती लवकर मुरते आणि बाटलीवरच्या वर्षांवरून प्रत ठरवण्याची आपली सवय इथे फसते. २००४ साली ती आधी स्कॉटलंडमधल्याच ग्लासगोत विक्रीला गेली, हेही मला मोठे धाडसाचे वाटते.

मित्राने सोबत कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई, ठेवला होता. मी आधी हसलो. मात्र घरी येऊन वहीत चवीची नोंद करताना, जिथे इतर लोक ‘टॉफी’ लिहितात, तिथे मी ‘कुंद्याच्या कढईची खरवड’ असे लिहिले.