हिरव्या पडद्यासाठी हॉल मिळवताना

हिरव्या पडद्यासमोर फोटो काढायचा, मग कॉम्प्युटरवर हिरवा रंग कापून मागे हवं ते दृश्य बसवायचं, हे सोपं आहे. तो पडदा लावायला नागपुरात जागा मिळवणं, ते खरं काम. पोस्टर छापून झाले, पैसे मिळाले, तरी त्या हॉलच्या ऑफिसचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं.

एका कबड्डी क्लबला खेळाडूंचे पोस्टर हवे होते. मागे रात्रीचं स्टेडियम, झगमगते दिवे, पुढे खेळाडू. जर्सी संत्री रंगाची, म्हणजे हिरवा पडदा चालतो. जर्सीच हिरवी असेल तर निळा घ्यावा लागतो आणि निळ्याला उजेड जास्त लागतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्याची कड स्वच्छ कापली जाते. कापड गांधीबागेतून आणलं, शिवून घेतलं. स्टँड घरचेच.

अडलं ते जागेपाशी. धरमपेठेतली माझी खोली पासपोर्ट फोटोपुरती. खेळाडू पडद्यापासून ६ ते ८ फूट पुढे हवा, नाहीतर पडद्याचा उजेड उलटून त्याच्या कानांवर, मानेवर हिरवी झाक येते आणि ती काढता काढता रात्र जाते. त्यात ८५ मिलिमीटरच्या लेन्सने डोक्यापासून पायापर्यंत माणूस घ्यायचा तर आणखी १८-२० फूट मागे जावं लागतं. एवढी लांबी बॅडमिंटनच्या हॉलमध्येच मिळते.

म्हणून अशाच एका हॉलच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. तिथे फॉर्म दोन, एक कार्यक्रमाचा आणि एक चित्रीकरणाचा. पहिल्या टेबलवरचे बाबू म्हणाले, "पडदा लावता म्हणजे मंडपच झाला न जी. कार्यक्रमाचा भरा." तो भरला. दुसऱ्या टेबलवरच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, "कॅमेरा आहे ना? मग चित्रीकरण." चित्रीकरणाच्या फॉर्मवर कथेचा सारांश मागितलेला. मी लिहिलं, "खेळाडू उभा राहील. फोटो निघेल." त्यावर कोणी हसलंही नाही. पोलिसांचं ना-हरकत पत्र जोडा, असा शेरा मारून अर्ज परत.

मग साहेब दौऱ्यावर. मग साहेब मीटिंगमध्ये. तोवर माझ्या अर्जाला आवक क्रमांकच पडलेला नाही, हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय त्या दारातून बाहेर पडू नका, कोणी कितीही "होऊन जाईल भाऊ" म्हटलं तरी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला विजेने. माझे चार फ्लॅश, प्रत्येकी ४०० वॅट-सेकंदाचे. बाबूंनी कॅल्क्युलेटर काढला, "चार चोक सोळा. सोळाशे वॅटचा लोड. इलेक्ट्रिकवाल्याचं पत्र आणा." मी समजावलं की ही एका चमकीची ऊर्जा आहे, सेकंदाच्या छोट्याशा भागात संपते, हॉलमधले पंखे याहून जास्त वीज ओढत असतील. ते म्हणाले, "कागदावर चारशे लिहिलं आहे न जी?" लिहिलं होतं, खरंच.

शेवटी मित्राचे बॅटरीवर चालणारे फ्लॅश आणले. अर्ज क्लबच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीने नव्याने दिला. "क्लबच्या खेळाडूंची छायाचित्रे, वीजजोडणीची गरज नाही." मंडप नाही, चित्रीकरण नाही, लोड नाही. त्याच दुपारी सही झाली, आणि भाडंही खेळाडूंच्या दराने लागलं. तुम्ही जाल तर पहिल्याच दिवशी असाच अर्ज घेऊन जा. मला हे तिथे कोणीही सांगितलं नाही, याचाच राग आहे.

बाकी काम सुरळीत. मात्र मे महिना होता आणि पडदा हलतो म्हणून पंखे बंद ठेवावे लागले. पोरं घामाने निथळली. पोस्टरमध्ये तो घाम झकास दिसतो, वरून पाणी फवारायची गरजच पडली नाही. बॅडमिंटन कोर्टची मॅट हिरवी असते, तिची झाक पांढऱ्या बुटांवर खालून चढते. चौकटीबाहेरच्या मॅटवर काळं कापड अंथरलं. पडद्याला दोन फ्लॅश दोन्ही बाजूंनी, आणि उजेड मोजायचा मीटर घेऊन चारही कोपरे तपासायचे. अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त फरक नको (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कापडाला आदल्या रात्री इस्त्री हवीच, एकेक सुरकुती कापताना त्रास देते. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा, जेपेगमध्ये रंगाची माहिती कमी साठते आणि केसांच्या कडा तुटतात.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. मागचं स्टेडियम आधी ठरवा, लाइट नंतर लावा. माझ्या फोटोत दिवे खेळाडूंच्या मागून, उंचावरून येत होते, म्हणून उरलेल्या दोन फ्लॅशपैकी एक मागून खांद्यांवर मारला, एक समोरून. कॅमेराही स्टेडियमचा फोटो ज्या उंचीवरून काढला त्याच उंचीवर ठेवला. नाहीतर खेळाडू हवेत तरंगतो, मग कड कितीही सफाईने कापा.

करंडक हातात देऊन फोटो काढायचा क्लबचा हट्ट होता. मी नाही म्हटलं. चकचकीत धातूत अख्खा पडदा दिसतो. करंडक वेगळा, करड्या कापडासमोर काढला आणि नंतर हातात बसवला.