आमची वाटचाल : बाळाआधी बाळंतीण

नागपुरात घरी जाऊन बाळंतीण आणि बाळ सांभाळणारी आमची छोटी संस्था आहे. तिची कामाची रीत पूर्णपणे अम्माची, म्हणजे माझ्या आईची. सत्तरच्या दशकात कोट्टयमकडच्या एका गावातून ती इथल्या मिशन हॉस्पिटलात साडेतीन वर्षांचं जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी शिकायला आली. तेव्हा केरळातल्या कितीतरी मुली अशाच घर सोडून निघाल्या. शिकताना थोडा स्टायपेंड मिळायचा, पुढे नोकरी मिळायची. मराठी ती लेबर रूममध्येच शिकली, कळा देणाऱ्या बायांना धीर देता देता.

बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. लग्नानंतर अम्मा सरकारी दवाखान्यात लागली. दर महिन्याला तिची मनिऑर्डर केरळात जायची. दोन्ही मावश्या त्यावरच शिकल्या. नाइट ड्युटी ती मागून घ्यायची. सकाळी आमचे डबे व्हायचे, आणि आजीला अर्धांगवायू झाल्यावर तिची अंघोळ, जेवण, कूस बदलणं हे सगळं दिवसा अम्माच करायची. इतकं कष्टाळू माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

ती निवृत्त झाली तरी मानेवाड्यापासून सदरपर्यंतचे लोक बोलवायला येत राहिले. ती एकटी कुठे कुठे पुरणार? मी अकाउंट्सची नोकरी सोडली, एएनएम, म्हणजे सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स झालेल्या दोघी मुली सोबत घेतल्या आणि काम सुरू केलं. आया पुरवा, म्हाताऱ्यांची सेवा घ्या, पैसा त्यातच आहे, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आम्ही सवा महिन्याच्या बाळंतिणीवरच थांबलो, कारण अम्माला जे येतं ते तेच होतं आणि ते नीट येत होतं.

बाळ घरी आलं की सगळं घर पाळण्याभोवती जमतं. आमची सिस्टर मात्र आधी आईला तपासते. पॅड तासाभरात भिजतोय का, मोठ्या गुठळ्या पडतात का, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो का, ताप आहे का. बीपी रोज मोजायचं. बाळ पोटात असताना नॉर्मल असलेलं बीपी बाळंतपणानंतरही चढू शकतं आणि झटकेही येऊ शकतात, हे अजून कित्येक घरांना माहीत नाही. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं बाळंतीण म्हणाली, तर ‘थकवा असेल’ म्हणून झोपवायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आमच्याकडून एकही इंजेक्शन दिलं जात नाही.

नागपूरचा मे महिना ही आमची खरी परीक्षा. पारा 45 च्या वर जातो आणि घरातली आजी म्हणते, लेकराला दोन चमचे पाणी तरी पाजा. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच पुरतं, उन्हाळ्यातही. फक्त पाजायचं वारंवार. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा-सात लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. बाळ सुस्त पडलं, अंग तापलं, लघवी कमी झाली, तर डॉक्टरकडे. कूलर लावावा, पण झोत बाळावर नको. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायला अम्माचा ठाम विरोध असतो, कारण तो धूर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. शेक हवाच असेल तर ती गरम पाण्याची पिशवी देते. आजीला कमी न लेखता, तिच्याच हातात ती पिशवी देऊन. डिंकाच्या लाडवाला आणि अळिवाच्या खिरीला तिचा कधीच नकार नसतो. आमच्या मुलींना घरातल्या आजीशी असं सांभाळून बोलणं शिकवायला बीपी शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मुली आता गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून येतात आणि पगार झाला की घरी पाठवतात. त्यांच्यासाठी मेडिकल चौकाजवळ खोल्या घेतल्या आहेत. सलग दोन ड्युट्या कुणालाही देत नाही, कितीही मोठं गिऱ्हाईक असलं तरी. पोळ्याला आणि दिवाळीला आळीपाळीने सगळ्या गावी जातात, तेवढे दिवस नवी कामं घेत नाही. यात नुकसान होतं, पण घरापासून दूर राहून घर चालवणं काय असतं ते अम्माने भोगलंय, त्यामुळे या नियमात बदल होणार नाही.

कामठी, हिंगणा, बुटीबोरीपर्यंत आम्ही जातो. त्यापुढच्या घरांना अम्मा आधी एकच विचारते: रात्री रक्तस्राव वाढला तर गाडी कोणाची आणि किती वेळात दारात येईल? याचं उत्तर पक्कं मिळालं तरच सिस्टर पाठवतो.