चावी फिरवण्याआधी: एस्टीमला स्पीडुइनो बसवताना

मातीवरच्या ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या मार्गावरची वेळेची शर्यत) तयार केलेल्या माझ्या मारुती एस्टीमचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलल्यानंतर मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्या इंजिनाला पुरेनासा झाला, कारण त्यातले इंधनाचे आणि टाइमिंगचे (ठिणगी नेमकी कधी पडावी याचे) आकडे कंपनीच्या कॅमशाफ्टसाठी बेतलेले होते आणि ते बदलण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. म्हणून मी स्पीडुइनो निवडला. आर्डुइनो मेगा २५६० या बोर्डावर चालणारा हा ईसीयू मुक्तस्रोत आहे. कोणती पिन नेमके काय करते हे त्याच्या सर्किटवरून स्वतः पडताळता येते, आणि स्वतःच्या हाताने वायरिंग करणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही. ही गाडी मी रस्त्यावर चालवत नाही, ट्रेलरवरून मैदानापर्यंत नेतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल रस्त्यावरच्या वाहनात करता येत नाहीत, हे असे काम मनात असलेल्या प्रत्येकाने आधीच ध्यानात घ्यावे.

वायर, रिले आणि फ्यूजबॉक्स पुण्यात नाना पेठेत मिळाले; रेझिस्टर, शील्डेड केबल आणि कनेक्टरच्या पिना बुधवार पेठेतून आणल्या. सेन्सरसाठी ०.५ चौरस मिलिमीटरची आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे), कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) व अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) यांसाठी त्याहून जाड वायर घेतली. इंजिनाजवळचे सगळे जोड सोल्डरऐवजी क्रिम्प केले, म्हणजे पक्कडीने दाबून बसवले, कारण सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठर होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक पिन क्रिम्प केल्यावर जोर लावून ओढून पाहावी. जी सुटायची ती टेबलावरच सुटलेली बरी.

या वायरिंगमध्ये मी सर्वांत जास्त वेळ दिला तो अर्थला. इंजेक्टर आणि कॉइलमधून परत येणारा करंट मोठा आणि सतत चालू-बंद होणारा असतो, तर तापमानाचा सेन्सर व्होल्टच्या लहानशा अंशावर आपले म्हणणे सांगत असतो. दोघांचा परतीचा रस्ता एकच ठेवला तर ईसीयूला इंजिन खरे किती तापले आहे हे कळणारच नाही. म्हणून सर्व सेन्सरचे अर्थ थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थवर नेले, आणि ईसीयूचे व कॉइलचे जाड अर्थ सिलिंडर हेडवर, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या एकाच बोल्टवर घेतले. इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरच्या केबलचे शील्ड (वरचे धातूचे आवरण) फक्त ईसीयूच्या टोकाला जोडले. दोन्ही टोकांना जोडले की शील्डमधूनच करंट वाहू लागतो.

पहिला वीजपुरवठा बॅटरीचा नव्हे, लॅपटॉपच्या यूएसबीचा दिला. त्यावर प्रोग्राम आणि सगळ्या सेटिंग्ज भरल्या, कारण १२ व्होल्ट येण्यापूर्वी कॉइलच्या सिग्नलची दिशा बरोबर असणे अत्यावश्यक आहे. माझ्या कॉइलमध्ये इग्नायटर (तिला चालू-बंद करणारा स्विच) आतच आहे आणि सिग्नल वर गेल्यावर ती चार्ज होते. हीच सेटिंग उलटी राहिली तर इंजिन बंद असतानाही कॉइल सतत चार्ज होत राहते आणि जळते.

त्यानंतर ईसीयूचा प्लग काढून ठेवला आणि मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासली. गाडीचे वायरिंग करणारे आमचे ओळखीचे इलेक्ट्रिशियन, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते तोवर शेजारी येऊन बसले होते. इंजेक्टर, कॉइल आणि पंप या तिघांचे फ्यूज काढलेले आहेत हे पाहून त्यांनी मुख्य फ्यूजही काढला आणि त्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावला.

“मामा, आता देऊ का चावी?”

“प्लग बसव आणि दे. नजर मात्र बल्बवर ठेव. भक्क पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद कर.”

ही युक्ती मला फार मोलाची वाटते. कितीही थेट शॉर्ट असला तरी त्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो, त्यामुळे बोर्डही वाचतो आणि वायरही. चावी दिली. बल्बच्या तारेत लालसर छटा जेमतेम दिसली, पंपाचा रिले ‘टक’ वाजला आणि दोन सेकंदांनी पुन्हा ‘टक’ वाजून सुटला. इंजिन फिरत नसेल तर पंप थोडा वेळ चालवून थांबवायचा, ही ईसीयूची रीत पाळली जात होती.

ईसीयूच्या सेटिंग्जसाठी लॅपटॉपवर चालणाऱ्या ट्यूनरस्टुडिओच्या पडद्यावर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९५ किलोपास्कल दाखवत होता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने बंद इंजिनावर हाच आकडा यायला हवा. मुंबईत तो शंभरच्या आसपास दिसेल. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमानही जवळजवळ सारखे दिसले पाहिजे, तसे ते दिसले.

खरी अडचण स्टार्टर मारल्यावर कळली. स्पार्क प्लग काढलेले होते आणि तिन्ही फ्यूज अजून बाहेरच होते. क्रँकच्या ३६ वजा १ दात्यांच्या (३६ पैकी एक दाता मुद्दाम गाळलेल्या) चाकाचा सिग्नल अगदी स्वच्छ आला, दोन दात्यांमधला वेळ दाखवणाऱ्या ३४ जवळपास सारख्या रेघा आणि मग दुप्पट उंचीची एक. पण स्टार्टर इंजिन फिरवत असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर १०.६ व्होल्ट दाखवत असताना ईसीयूला फक्त ९.५ मिळत होते. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ आणि कॉइल चार्ज करायचा वेळ ईसीयू याच आकड्यावरून ठरवतो, म्हणून ही तफावत सोडून पुढे जाणे शक्य नव्हते. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे सिलिंडर हेडवर ठेवून पुन्हा स्टार्टर मारला, तेव्हा नुसत्या अर्थच्या रस्त्यात ०.९ व्होल्ट पडताना दिसले. बॅटरीपासून इंजिनाला येणारी गाडीची जुनी अर्थ केबल बाहेरून धड दिसत होती. मामांनी तिचे रबर कापले तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी पडून भुकटीला आली होती. स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअर करंट याच केबलने परत जातो. नवी जाड केबल घातल्यावर तोच आकडा ०.१ वर आला.

पुढचे टप्पे लवकर उरकले. कॉइलचा फ्यूज घालून ठिणगी पाहिली, मग पंपाचा फ्यूज घालून तीन बारचा दाब आणि गळती तपासली, आणि शेवटी स्पार्क प्लग बसवून इंजेक्टरचा फ्यूज घातला. टाइमिंग १० अंशांवर पक्के ठेवूनच इंजिन सुरू केले. लॅपटॉपवर १० दिसत होते, पण टाइमिंग लाइटखाली पुलीची खूण १४ वर होती. दोन्ही जुळेपर्यंत ट्रिगर अँगल (क्रँकच्या चाकाची जागा ईसीयूला सांगणारी सेटिंग) बदलला. एक आणि चार, दोन आणि तीन अशा सिलिंडरांच्या जोड्यांनी ठिणगी पडणाऱ्या इंजिनावर प्रत्येक फेरीत ठिणगी पडते, त्यामुळे डायल असलेली काही टाइमिंग लाइट दुप्पट आकडा दाखवतात. साधीच लाइट वापरावी. तीन हजार आरपीएमलाही खूण १० वरच राहिली, तेव्हा पक्के टाइमिंग काढून टाकले, हार्नेसवर (वायरच्या जुडग्यावर) कापडी टेप गुंडाळली आणि इंधनाच्या तक्त्याकडे वळलो.