जॉन डे नदीकाठचा तंबूमुक्काम

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या पूर्व भागातील उंच वाळवंटात तंबूत राहायचे, तर दुपारच्या उन्हापेक्षा पहाटेच्या थंडीची तयारी अधिक करावी लागते. आम्ही सप्टेंबरमध्ये क्लाइड हॉलिडे या जॉन डे नदीकाठच्या छोट्या राज्य उद्यानात मुक्काम केला, तेव्हा दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास होता आणि पहाटे तो ४ अंशांपर्यंत उतरला.

पोर्टलंडहून निघालेला महामार्ग २६ माउंट हूडच्या कुशीतून कॅस्केड पर्वतरांग ओलांडतो. पॅसिफिककडून येणारे ढग त्या रांगेतच रिकामे होत असल्याने पलीकडे गर्द झाडी संपते आणि ज्युनिपरची खुरटी झाडे व सेजब्रशची करडी झुडपे सुरू होतात. सह्याद्री उतरून माण-खटावकडे गेलेल्यांना हा बदल वेगळा समजावून सांगायला नको. बर्फ, इंधन आणि भाजीपाला प्राइनव्हिलमध्येच घेतला, कारण तिथून पुढच्या सुमारे पावणेदोनशे किलोमीटरमध्ये मिचेल आणि डेव्हिल ही चिमुकली गावे सोडली तर फारसे काही लागत नाही.

आमच्या वेळी आगाऊ आरक्षण नव्हते; आधी येईल त्याला जागा. त्यामुळे दुपारीच पोहोचलो, लिफाफ्यात पैसे घालून तो पेटीत टाकला आणि मग जागा निवडायला वेळ मिळाला. नदीला अगदी खेटून असलेली जागा सगळ्यांनाच हवीशी वाटते, परंतु रात्री थंड हवा जड होऊन दरीच्या तळाशी साचते आणि पाण्यालगत दवही अधिक पडते. म्हणून काठापासून थोडे मागे, झाडाच्या छत्राखाली तंबू लावला. पानांचे आच्छादन असले की जमिनीची ऊब उघड्या आकाशाकडे तितक्या झपाट्याने निघून जात नाही. मात्र कॉटनवूडची वाळकी फांदी डोक्यावर लोंबत नाही ना, हे आधी मान वर करून पाहून घेतले.

अंथरुणाबाबत मी काहीसा हट्टी आहे. पांघरूण कितीही जाड असले, तरी अंगाखाली दबलेला त्याचा भाग जवळजवळ निरुपयोगी होतो आणि थंडी जमिनीतून वर चढते. हवेच्या उंच गादीत आतली हवा खेळती राहते, म्हणून तीही गार पडते. आम्ही प्रत्येकासाठी फोमच्या दोन चटया एकावर एक घातल्या आणि झोपताना दिवसाचे कपडे बदलून कोरडे लोकरी मोजे व कानटोपी घातली. स्टोव्हचा बुटेनचा डबाही रात्री तंबूत, पांघरुणाजवळ ठेवला. गारठ्यात बुटेनची वाफ नीट होत नाही आणि नेमकी चहाच्या वेळी आच मंदावते.

शेकोटीला बंदी होती. कोरड्या हंगामात इथे अशी बंदी नेहमीचीच असते आणि तिच्याबद्दल कुरकुर करण्याआधी आजूबाजूच्या डोंगरांकडे पाहावे: ऑगस्ट २०१५ मध्ये जॉन डे गावाच्या दक्षिणेला पेटलेल्या कॅनियन क्रीक वणव्यात चाळीसहून अधिक घरे जळाली. त्यामुळे पिठले-भात स्टोव्हवरच झाला आणि उजेड असतानाच भांडी आवरून उरलेले अन्न गाडीत बंद केले. रात्री दहानंतर शांतता पाळायची, असा नियम आहे. महामार्ग जवळ असूनही तोवर वाहने तुरळक झाली होती आणि नदीचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला होता.

सकाळी तंबूच्या बाहेरच्या कापडाला दोन्ही बाजूंनी पाणी होते. बाहेरून दव, आतून आमच्याच श्वासाची वाफ. ओले कापड घडी घालून नेले की त्याला बुरशी धरते, म्हणून ते दोरीवर उन्हात टाकून तोवर चहा-पोहे उरकले. कोरड्या हवेत ते वाळायला फार वेळ लागला नाही. तिथून जॉन डे गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि ‘इंग हे’ नावाच्या चिनी वैद्याचे ‘काम वाह चुंग’ नावाचे जुने दुकान आतून पाहायचे असेल, तर मार्गदर्शकासोबतच जावे लागते. तेव्हा लवकर निघून फेरीत नाव नोंदवलेले बरे.